कुत्रं आणायच्या आधीची तालीम

आमच्या मुलीला कुत्रं हवं होतं. माझ्या एका सहकाऱ्याच्या पिंपळगाव रेणुकाईच्या शेतात कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं कानावर काळा ठिपका असलेलं तिने फोटो बघूनच ठरवून टाकलं. मी पडलो मास्तर. परीक्षा घेतल्याशिवाय कोणाला वरच्या वर्गात घालणं जिवावर येतं. म्हणालो, आधी आठवडाभर कुत्रं घरात आहे असं समजून वागू. जमलं तर आणू.

दाराशी पाण्याचं पातेलं आलं. सकाळी मुलगी रिकामी दोरी हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायची, आणि गल्ली हसायची. संध्याकाळची फेरी बायकोकडे. ती हसनाबादच्या शाळेत शिकवते. एसटीतून उतरून घरी आली की पर्स टाकून लगेच निघायची. दुपारी खायला घालायची पाळी माझी. माझी शाळा इथे भोकरदनमध्येच, मधल्या सुट्टीत गाडीवर घरी येऊन जाता येतं. इतकी वर्षं ते कधी सुचलं नव्हतं, एवढंच.

दुपारी घरात आबा असतात, माझे वडील. आई गेल्यावर आम्ही त्यांना गावाकडून इथे आणलं. सकाळी त्यांचं जेवण झाकून ठेवायचं आणि तिघांनी तीन दिशांना पांगायचं, असा आमचा संसार. तालमीचं त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्यांना काय सांगायचं, असं वाटलं असावं.

पहिल्या दुपारी मी आलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून जेवत होते. मला बघून दचकले.

"का रे, बरं न्हाई का तुला?"

मी काहीतरी पुटपुटलो. पातेल्यात पाणी ओतलं, कुत्र्याच्या नावाची भाकरी गल्लीतल्या गाईला घातली आणि आलोच आहे तर म्हणून डबा उघडून त्यांच्याशेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी दोन ताटं मांडलेली होती, कांदा बुक्कीने फोडून ठेवलेला. पुढे तर ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसू लागले. आई रुसून माहेरी गेली होती तेव्हा तिला आणायला ते सायकलवर कसे गेले, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. एक डोळा घड्याळावर ठेवून ऐकलं. पाळी चुकवली नाही म्हणून मनातल्या मनात स्वतःला पैकीच्या पैकी मार्क मात्र देत होतो.

रविवारी निकाल. आबा शेजारीच बाजेवर बसले होते. बायको म्हणाली, असं रोज जमणार नाही. मुलगी रडवेली झाली. मग मी सवयीप्रमाणे भाषण ठोकलं.

"मुकं जनावर आहे ते. दिवसभर आपल्या घरात कोणी नसतं. नुसतं पोटाला घातलं म्हणजे झालं का? त्यालाही सोबत लागते. आपली तेवढी तयारी नाही."

"बराबर हाय," आबा म्हणाले, आणि काठी घेऊन विहाराकडे निघून गेले. मी छान बोललो असं मला वाटलं.

सोमवारी मी शाळेतच डबा खाल्ला. संध्याकाळी घरी आलो तर दोन ताटं तशीच मांडलेली, कांदा सुकून गेलेला.

"आबा, जेवले न्हाई का तुम्ही?"

"थांबल्तो जरा. मंग भूकच गेली."

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिवा मीच हातात धरून भाषण देत होतो. घरात कोणी नसतं, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो. इतकी लाज वाटली की त्या ताटांकडे बघवेना.

मुलगी दाराशी ठेवलेलं पातेलं उचलायला लागली. आबा तिच्याकडे बघत राहिले, मग मला म्हणाले, "कुत्रं तर आणायचं न्हाई ठरलं. मंग उद्यापासून मी येळेवर जेवून घेत जाऊ ना?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.