वाळ्याच्या वासाचा बोगदा

रेल्वेत नोकरी म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा माणूस निदान शिट्टी तरी वाजवत असेल. मी झाशीच्या कचेरीत आवक-जावक कारकून होतो. आलेल्या कागदावर नंबर घालायचा, गेलेल्या कागदावर नंबर घालायचा, आणि आलेला कागद चुकून गेलेल्यांत गेला की संध्याकाळपर्यंत तो हुडकत बसायचं. आमचे पूर्वज तलवार घेऊन बुंदेलखंडात उतरले, असं घरात सांगतात. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्या तलवारीची डिंकाची बाटली झाली होती. यंत्र म्हणाल तर कागदाला भोकं पाडायचं एक यंत्र माझ्या ताब्यात होतं, आणि त्यातही एकदा बोट गेलं होतं.

असल्या माणसाने पेट्रोलवर चालणारा जनरेटर का घ्यावा? सासऱ्यांच्या झोपेसाठी.

सासरे इटारसीचे. वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहत आणि खानावळीचा डबा खात. बायकोचा जीव त्या डब्यात अडकलेला. "वरणात पाणी घालतात हो ते लोक," असं म्हणून ती स्वतःच्या पानातलं वरण तसंच ठेवायची. दोन वर्षं पत्रं लिहून लिहून तिने त्यांना झाशीला यायला राजी केलं, पण त्यांनी अट घातली. जन्मभर रात्रीच्या गाड्या हाकलेला माणूस; दुपारची झोप म्हणजे त्यांचं सोवळं. "पंधरा दिवस येऊन बघतो," त्यांनी कळवलं. "दुपारी झोप लागली तर कायमचा राहीन. नाही लागली तर मला परत गाडीत बसवून द्यायचं. रडारड नको."

आणि आले कधी, तर मे महिन्यात!

झाशीच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा नालीत बसून विचार करतं. घरोघरी खिडकीला पत्र्याचा कूलर. आमच्या क्वार्टरलाही होता. बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, मी त्याला गवताच्या जाळ्या काढून खास वाळ्याच्या लावल्या होत्या. कूलर सुरू झाला की अख्ख्या खोलीला वाळ्याचा असा वास यायचा, की आपण माठातच बसलोय असं वाटावं. अडचण एवढीच होती की रोज एकच्या सुमाराला लाइट जायची ती अडीचला यायची. म्हणजे नेमकी बाबांच्या झोपेची वेळ.

पहिल्या दिवशी बाबा दीड तास वर्तमानपत्राने वारा घेत छताकडे बघत पडून राहिले. अडीचला उठले, घाम पुसला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इटारसीची गाडी किती वाजता असते?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चपला घातल्या आणि सीपरी बाज़ार गाठला.

दुकानदाराने एक पेटीएवढा जनरेटर पुढे ठेवला. "बाबूजी, कूलर-पंखा आराम से खींचेगा. बस तीन बातें गाँठ बाँध लो. घर के अंदर कभी नहीं, हमेशा बाहर. छाँव में. और जहाँ हवा चलती हो."

आपण शिकलेले आहोत हे दाखवायला मी विचारलं, "दोन्ही टोकांना पिन असलेली तार करून घरच्याच सॉकेटात घातली तर? पूरा घर चल जाएगा."

दुकानदाराने हातातला पाना खाली ठेवला. "और करंट उल्टा लाइन में चला गया तो? उधर कोई खंभे पे चढ़ा होगा, बाबूजी. उसके बाल-बच्चे नहीं हैं का?"

तो बेत मी तिथेच सोडला. सांगितला एवढ्यासाठी, की पुढे जे मी केलं त्याहून वाईटही माझ्या हातून होऊ शकलं असतं याची नोंद असावी.

यंत्र सायकल-रिक्शातून घरी आणलं आणि जागा शोधायला निघालो. बाहेर, सावलीत, हवा चालणारी. क्वार्टरला दोन प्रदक्षिणा घातल्या. समोर अंगणात कडुनिंब होता, पण तिथे बाबांची आरामखुर्ची. पाहुण्याच्या उशाशी फटफट कशाला? मग मागच्या बाजूला, कूलरच्या खिडकीखाली मला ती जागा सापडली. घराच्या बाहेर? बाहेर. सावली? भरपूर, शिवाय कूलरचं पाणी ठिबकून जमीन गारेगार. आणि हवा? त्या वेळी लाइट होती, कूलर चालू होता. जाळीजवळ हात धरला तर हवा इतक्या जोराने आत ओढली जात होती, की माझी बाही जाळीला चिकटली. याहून जास्त हवा चालणारी जागा झाशी शहरात नव्हती. तार चार हातांची होती, तीही तिथूनच पुरत होती. सगळे योग जुळून आले.

ज्यांना आत्ताच कळलं त्यांना माझा नमस्कार. मला तीन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि मी दोरी ओढली. वीसेक वेळा ओढली. बायको दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, ते लाल बटण कशाचं असतं?" ते यंत्र चालू-बंद करायचं बटण होतं. पुढच्या ओढीला जनरेटर फटफटला, कूलर घुमला, आत वाळ्याचा घमघमाट सुटला. गारवा निसटू नये म्हणून मी खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावून घेतली, आणि दहा मिनिटांत बाबा घोरायला लागले. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी मागे जाऊन यंत्राला नमस्कार केला.

अडीचला त्यांना उठवायला मात्र दोनदा हाका माराव्या लागल्या.

"झोप लागली ना, बाबा?" बायकोने विचारलं.

"लागली." ते डोकं धरून बसले होते. "पण लागली म्हणजे, आपण होऊन नाही लागली. कुणी ढकलून दिल्यासारखी लागली."

"ऊन लागलं असेल," मी म्हणालो. बायकोने पन्हं केलं, त्यांच्या खिशात कांदा ठेवला. मी त्याहून पुढे गेलो. त्यांची खाट ओढून कूलरच्या थेट तोंडाशी लावली.

तिसऱ्या दिवशी बाबांचं डोकं ठणकत होतं आणि बायकोचंही. ती पोळ्या अर्ध्या टाकून खाटेच्या कडेला बसली. "मळमळतंय हो," म्हणाली. मी म्हटलं, यंदा लू भारीच आहे. तिच्याही खिशात कांदा ठेवला असता, पण साडीला खिसा नसतो. माझंही डोकं जड होतं, पण ते सोमवारी असतंच, रजेवर असलो तरी.

संध्याकाळी बाबा बायकोला हळूच म्हणाले, ते मी ऐकलं: "पोरी, तुझा नवरा जिवाचं रान करतोय. पण हे गाव मला मानवत नाही. रविवारी जातो." रात्री तिने त्यांच्या पानात तूप जास्त वाढलं, तेवढंच.

चौथ्या दिवशी लाइट गेली, मी दोरी ओढली, कूलर सुरू झाला. पंधरा मिनिटांनी बाबा उठले आणि दार उघडून बाहेर निघाले.

"बाबा, बाहेर लू आहे!" बायको ओरडली.

"असू दे."

ते कडुनिंबाखाली जाऊन बसले. लू अशी की पानं करपावीत. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. थोड्या वेळाने ते आत आले, खाटेवर बसले, नाकाने दोन-तीनदा हवा ओढली, पुन्हा बाहेर गेले. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. माझ्या मनात आलं, झालं, म्हाताऱ्याला चळ लागला, आणि तोही आपल्या घरी. तिसऱ्यांदा बाहेर गेले ते सरळ घराला वळसा घालून मागे गेले. मीही मागोमाग गेलो.

जनरेटर फटफटत होता. त्याचं धुराचं नळकांडं तिरपं वर, कूलरच्या जाळीकडे बघत होतं. बाबांनी नळकांड्यापासून जाळीपर्यंत बोट फिरवलं, आणि जाळीपासून आत खोलीपर्यंत.

"जावईबापू, याची चिमणी कुठे बघते?"

मी बघितलं. खरंच सांगतो, त्या क्षणापर्यंत त्या यंत्राला तोंड आहे हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आधी हे बंद करा," ते म्हणाले, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला शोभणार नाही अशा वेगाने पुढच्या दाराकडे गेले. मी लाल बटण दाबून धावलो तोवर त्यांनी बायकोला दंडाला धरून बाहेर आणलं होतं. ती कडुनिंबाशी वाकली आणि भडाभडा ओकली. मग तिथेच मातीत बसली, चेहरा पांढराफटक. बाबांनी दारं-खिडक्या सताड उघडल्या. बायकोच्या चेहऱ्यावर रंग यायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात माझ्यातला विनोद पार आटून गेला होता.

ती थोडी सावरल्यावर बाबा बोलले. "इटारसीच्या पुढे घाटात बोगदा आहे. चढावर इंजिन हळू चालायचं, सगळा धूर आमच्याच तोंडावर. ओलं फडकं बांधायचं आणि खाली वाकून बसायचं. बाहेर पडलो की डोकं असं ठणकायचं. मोकळ्या हवेत दहा मिनिटांत उतरायचं. दोन दिवस मी म्हणतोय, हे डोकं माझ्या ओळखीचं आहे. बोगद्याचं डोकं आहे. पण घरात बोगदा कुठून येणार? तो तुम्ही बांधलात. आणि आमचा दोन मिनिटांत संपायचा, तुमचा दीड तासाचा."

"पण धूर दिसला नाही, बाबा. वासही वाळ्याचाच—"

"दिसतो त्या धुराला माणूस भितो तरी. न दिसणारा मारतो. वाळ्याचा वास लावून दिलात म्हणजे आणखीनच सोय."

लगेच दोघांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, मोकळ्या हवेत बसवून ठेवलं, आणि मला एकट्याला बाजूला घेऊन जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. माझ्या उभ्या खानदानाचा उल्लेख त्यात होता. उलटी आली, डोकं फिरलं तर आधी माणूस बाहेर, मग बाकीचं, एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं.

मी वर्षानुवर्षं आवक-जावक सांभाळत होतो. यंत्राच्या धुराची जावक मी घराच्या आवकेत लावली होती.

मी म्हटलं, यंत्र उद्याच परत करतो. बाबा म्हणाले, "यंत्राने काय केलंय? ते बिचारं सांगाल तिथे बसलं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चार्ज घेतला. हा शब्द त्यांचाच.

आधी वारा कुठून वाहतो ते धोतराचं टोक उचलून पाहिलं. मग घरापासून पंचवीस पावलं मोजून, कुंपणाच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला विटांचा कोरडा ओटा रचायला लावला. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, चिमणीचं तोंड मैदानाकडे. लांब तार आणायला मला पाठवलं. मी आणली ती घंटेला लावतात तसली बारीक. बाबांनी ती चिमटीत धरली. "याने कूलर चालेल की पापड भाजायचेत?" मी परत जाऊन जाड, धड रबराची तार घेऊन आलो. पेट्रोलचा डबा मी स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला होता. तो बघून ते काही बोललेच नाहीत. नुसते उचलून बाहेरच्या कोठीत ठेवून आले. बोलले असते तर बरं झालं असतं.

एकदा चालू असतानाच टाकीत पेट्रोल भरायला मी झाकण फिरवलं तर मागून आवाज आला, "खबरदार!" त्यानंतर नियम झाला: आधी बंद, मग एक चहा, तोही बशीत न ओतता कपाने, सावकाश. तेवढ्यात इंजिन निवतं. मग पेट्रोल. चालू करताना आधी यंत्र एकटं चालू द्यायचं, त्याचा श्वास सुरळीत झाला की मग कूलरची पिन. बंद करताना उलट. पिन लावायला मी जनरेटरपाशी उभा, बाबा व्हरांड्यात खाटेवर. ते हात वर करून ओरडायचे, "लोड द्या!" शेजारपाजारचे बघायचे. आमच्या कचेरीत मी निदान बाबूजी म्हणून ओळखला जात होतो; घरी फायरमनच्याही हाताखालचा खलाशी झालो.

आत बायको कूलरपुढे निवांत झोपायची, दार किलकिलं ठेवून; ती आज्ञाही वरूनच होती. बाबा मात्र व्हरांड्यातच. ओला टॉवेल खांद्यावर, डोळे यंत्राकडे. रविवार आला.

बायकोने सकाळपासून पुऱ्या तळायला घेतल्या होत्या, वाटेत खायला. विचारायचा धीर मात्र होत नव्हता. दुपारी बाबा खाटेवर बसले तेव्हा ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, "बाबा, तुमची झोप तर नाहीच झाली इथे."

"ड्युटीवर ड्रायव्हर झोपत नसतो," ते म्हणाले आणि आडवे झाले. पाचव्या मिनिटाला घोरणं सुरू. लांबून येणारी ती एकसारखी फटफट, तीच त्यांना लागत होती बहुतेक. आम्हीच मेले इतके दिवस शांतता पुरवत होतो.

अडीचला लाइट आली. मी नियमाप्रमाणे आधी पिन काढली, मग यंत्र बंद केलं. फटफट थांबली त्याबरोबर बाबा दचकून उठून बसले. डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत कुठला तरी दांडा शोधत होता.

"कुठलं स्टेशन आलं?"

बायको दारात, हातात पुऱ्यांचा डबा. मी म्हणालो, "झाशी."

"हां," ते म्हणाले, आणि उशी सारखी करत पुन्हा आडवे झाले. "मग डबा उघड, पोरी. इथेच उतरायचंय."