पेटीची चाबी

पहिल्या बाळंतपणासाठी मी सातव्या महिन्यात माहेरी, देऊळघाटला आले, ती माझी पत्र्याची पेटी बरोबर घेऊन. मी कॉलेजात जायला निघाले तेव्हा ही पेटी बाबांनी मलकापूरहून आणली होती. आमच्या घराण्यात तोवर कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. बाबांना सही येत होती, तेवढीच. मायला तीही येत नव्हती. पेटीसोबत एक पितळी कुलूप होतं. त्याची चाबी माझ्या हातावर ठेवून बाबा म्हणाले होते, "हे पेटी तुही. इच्यात कोनी हात घालनार नाई. मीबी नाई." आमच्या घरात कोणाचंच काही वेगळं नसायचं. टॉवेल एक, कंगवा एक, आरसा एक. त्या घरात त्यांनी मला कुलूप दिलं आणि दिलेला शब्द पाळला. सुटीत मी घरी आले आणि पेटी ओसरीवर पडली असली, तरी तिला उचलताना ते मला हाक मारून विचारायचे.

मी तेव्हा मलकापूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हेही तिथेच शिक्षक. मी बी. ए. झालेली, वर्गात आरोग्याचे धडे शिकवणारी, म्हणून बाळंतपण बुलढाण्याच्या दवाखान्यातच करायचं असं मी आधीच ठरवलं होतं. मायनं त्याला एका शब्दानं नाही म्हटलं नाही. तिचं पहिलं लेकरू घरात, सुईणीच्या हातातच गेलं होतं. त्या लेकरासाठी आजीनं हौसेनं अंगडं-टोपडं आधीच शिवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. तेव्हापासून आजीनं घरात एक नियम घातला आणि तिच्यामागे मायनं तो चालवला. घरात कोणी पोटुशी असली की लेकराच्या कपड्यासाठी सुईत दोराही ओवायचा नाही. आधी लेकरू, मग कपडे. तोवर जुन्या धोतराचे मऊ तुकडे धुऊन ठेवायचे, बस.

आणि मी तर मलकापूरच्या खोलीत दोन झबली आणि एक टोपडं शिवलं होतं. पांढऱ्या मलमलीचं, काठाला निळा टाका. तो टाका मला मायनंच शिकवला होता. शिवताना मला फार आनंद झाला होता, हे मान्य करायला हवं. माहेरी येताना ते पेटीत सगळ्यात वर ठेवलं आणि कुलूप लावलं. मी या असल्या गोष्टी मानत नव्हते. मानत नव्हते तर कुलूप कशाला लावलं, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

दिवस भरले. एका सकाळी चूल पेटायच्या वेळेला कंबरेतून कळ आली आणि गेली. दुसरी आली ती बसूनच राहिली. बाबांनी गाडी जुंपली, मायनं गाडीत कडबा पसरून वर दोन गोधड्या टाकल्या. वाटेत मला कळ आली की बाबा गाडी उभी करायचे. तीनदा असं झाल्यावर माय म्हणाली, "आवो, थांबू नका. ते पोट हाये, टेसन नाई."

"तिले हिसके बसते न."

"बसू द्या. तुमी असे थांबत राह्यले त लेकरू चाकापाशीच होईन."

दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत चार लोखंडी खाटा होत्या. नर्सबाई धाड गावाकडच्या, चाळिशीच्या, हात मोठे आणि गरम. त्यांनी माझ्या पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. पण वेळ हाय अजून. पहिलटकरीण ना? चाल जरा, झोपून राहू नकोस."

बाबांना आत यायला बंदी. ते खिडकीबाहेर लिंबाखाली बसले. मायनं आल्या आल्या माझी वेणी सोडली, केस मोकळे केले, चोळीची गाठ सोडली. आमच्याकडे बाई अडू नये म्हणून घरातल्या साऱ्या गाठी सोडतात, कुलपं काढतात, डब्यांची झाकणं उघडी करतात. घरी हे काम मायनं सकाळीच माझ्या काकूवर सोपवलं होतं. इथं ते ती स्वतः करू लागली. माझं गाठोडं सोडलं. पडद्याची नाडी सोडली. मग तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईचं गाठोडंही सोडायला घेतलं. ती बाई आदल्याच दिवशी बाळंत झालेली.

"मावशी, माहं झालं न व," ती हसत म्हणाली.

"तुहं झालं, माह्या पोरीचं नाई झालं. खोली त एकच हाये."

एवढ्यात बाहेर ओरडा झाला. मायनं बैलही मोकळे सोडायला लावले होते. दावं म्हणजे गाठच. त्यातला एक डॉक्टरीणबाईंच्या झेंडूच्या वाफ्यात शिरला होता. चौकीदार "कोणाचे बैल बे हे?" म्हणून ओरडत होता. बाबा खाली मान घालून बैलाला हुसकत होते. दावं हातात होतं, पण बांधायची हिंमत नव्हती. शेवटी कारण कळलं तेव्हा चौकीदारानंच एक तुराटी हातात घेऊन दुपारभर दोन्ही बैल राखले.

नर्सबाईंच्या पाठीमागे औषधाचं कपाट होतं, कुलूप घातलेलं. मायची नजर त्यावर गेली.

"बाई, हे एक उघडून ठेवा न."

"आजी, ते सरकारी कुलूप हाय."

"सरकारी असन. पण हाये त कुलूपच."

नर्सबाई हसल्या आणि कामाला लागल्या.

दुपार झाली. कळांमधलं अंतर कमी होत गेलं होतं, पण पुढे काही सरकत नव्हतं. मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं सगळं मला आठवत होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता. कळ पाठीतून सुरू व्हायची, कंबर आवळत पुढे यायची, आणि ती असताना जगात दुसरं काही नसायचं. नाव नाही, गाव नाही, बी. ए. नाही. ती ओसरली की मला आधी माय दिसायची. ती माझ्या कंबरेवर तळहात दाबून उभी असायची. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तीनच्या सुमारास डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तपासलं, नर्सबाईंनी परत नळी लावली. या वेळी त्या "छान" म्हणाल्या नाहीत. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "लेकराचे ठोके जरा मंद होताहेत. डोकं नीट वळलेलं नाही. पाच वाजेपर्यंत वाट पाहू. नाहीतर चिमटा लावावा लागेल." मग मायकडे वळून म्हणाल्या, "घाबरू नका. पण तयारी ठेवा."

मायनं फक्त खोलीभर नजर फिरवली, कुठे काही बांधलेलं राहिलं का म्हणून. तिची ती नजर मी विसरू शकत नाही. तिचं पहिलं लेकरू त्या क्षणी त्या खोलीत होतं.

आणि मला पेटी आठवली. देऊळघाटला, खोलीच्या कोपऱ्यात, कुलूप घातलेली. काकूनं सगळं उघडलं असणार, पण पेटीला हात लावला नसणार, कारण ती माझी होती. आणि आत, सगळ्यात वर, ते कपडे. मला वाटलं, माझ्यामुळेच अडलंय. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही. तिथे पडल्यावर कोणालाही जे वाटलं असतं तेच मला वाटलं.

"माय," मी म्हटलं, "माही पेटी बंद हाये." कॉलेजात गेल्यापासून घरची बोली माझ्या तोंडची गेली होती. ती त्या वेळी आपोआप परत आली.

मायचा हात माझ्या कंबरेवरून निघाला. "चाबी कुठं हाये?"

चाबी माझ्या मंगळसूत्राला पिनेनं अडकवलेली होती. तिनं ती काढली आणि खिडकीशी गेली. कपड्यांचं मी तिला सांगितलं नाही. सांगवलंच नाही.

"आवो, साडेतीनची एसटी धरा. घरी जाऊन पोरीची पेटी उघडा. नुसतं कुलूप काढू नका, झाकनबी वर करा. अन् मी निरोप धाडल्याबिगर लावू नका."

बाहेरून बाबांचा आवाज आला, "मी नाई उघडत तिची पेटी. मी शब्द देल्ला हाये तिले."

"तिनंच चाबी देल्ली."

"तिले शुद्ध हाये का?"

तेवढ्यात कळ आली. त्या कळेतच मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाबा, उघडा!"

खोलीतल्या साऱ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. बाहेर बाबांच्या वहाणांचा आवाज आला. चालण्याचा नव्हे, धावण्याचा.

नर्सबाईंनी मला डाव्या कुशीवर वळवलं. पाय कसा धरायचा ते मायला दाखवलं. मग चिमटे काढायला त्यांनी ते सरकारी कपाट उघडलं, हवं ते काढून ट्रेमध्ये झाकून ठेवलं. कपाट मात्र त्यांनी लावलं नाही. दार सताड उघडं ठेवून त्या माझ्याजवळ आल्या आणि मायकडे न बघता म्हणाल्या, "हं. आता तुमचं समदं उघडं हाय, आजी. आता पोरीला जोर लावू द्या."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. नर्सबाई पोटावर हात ठेवून कळ येण्याआधीच सांगायच्या, "आता. आता लाव." माय माझ्या कानाशी सारखं तेच म्हणत होती, "होईन, होईन, अजून जरासा जोर." मध्येच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वळलं." कोण वळलं हे मला कळलंच नाही. मग आपण मधोमध फाटतोय असं वाटलं, आग झाली, आणि एकाएकी सगळं मोकळं झालं. नंतर एक बारीक, रागावलेलं रडणं ऐकू आलं.

चिमटे ट्रेमध्ये झाकलेलेच राहिले. पाचाला वीस मिनिटं कमी होती.

"मुलगी हाय," नर्सबाई म्हणाल्या. मायनं तिला जुन्या धोतराच्या तुकड्यात घेतलं. बराच वेळ तिच्याकडे पाहून माय म्हणाली, "नाक माह्यावानी हाये. बिचारी." आणि मग खाटेच्या कडेवर बसून ती इतकी रडली की नर्सबाईंनी तिलाच पाणी पाजलं.

डाव्या कुशीवर वळवल्यानं लेकराचं डोकं वळलं, हे मी जाणते. वर्गात तसंच शिकवलं असतं. पण बाबा घरी पोचले ते चार वाजता, हेही मला माहीत आहे.

निरोप संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडून गेला. काकूनं मला नंतर सांगितलं, बाबांनी पेटीचं झाकण वर केलं आणि पेटीकडे पाठ करून दारात बसले. पाणी दिलं तेही तिकडेच तोंड करून प्यायले. उघड्या पेटीला राखायचं होतं आणि तिच्यात बघायचंही नव्हतं.

पण झाकण वर करताना दिसायचं ते दिसलंच असणार. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले आणि कोपरीच्या खिशातून दोन झबली आणि टोपडं काढून मायपुढे ठेवलं. "धाडच्या बाजारातून आनलं," म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"कवा गेल्ते धाडले?"

"सकाळी."

"आज बाजार हाये तिथं?"

बाबा बैलांना पाणी पाजायला निघून गेले. मायनं झबलं उलटसुलट करून पाहिलं, काठाच्या निळ्या टाक्यावरून बोट फिरवलं, घडी करून उशाखाली ठेवलं.

बाराव्या दिवशी, देऊळघाटला, बारशाच्या सकाळी तिनं ते बाहेर काढलं. झबलं मुलीच्या डोक्यातून खाली उतरेना. मी गळा फार लहान कापला होता. मायनं दातानं टाका तोडला, गळा उसवला आणि म्हणाली, "बी. ए. झाली, पन लेकराचं डोस्कं केवढं असते हे नाई शिकवलं तुले."

मी मुलीचं डोकं सावरून धरलं.

"मले सांगतलं असतं त मी काय खाल्लं असतं तुले?" ती दोरा ओवत म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुह्या वक्ताले मीबी एक टोपडं शिवलं होतं. सासूले न सांगता. जवारीच्या कोठीत लपवलं होतं."

"मग?"

"मंग काय. तू अडली. मंग कोठी उघडाले लावली."

"कोणाला?"

मायनं गळ्याला नवा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि दाराबाहेर पाहिलं. बाबा अंगणात गाडीच्या चाकाला वंगण लावत होते. चाक कोरडं नव्हतं. सकाळपासून त्यांनी त्याला तीनदा वंगण लावलं होतं.