आपोआप बंद होणारी मोटर

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आम्ही मोटरला आपोआप बंद होण्याची सोय करून घेतली. गच्चीवरची टाकी भरली की मोटर थांबते. नळाच्या दिवशी टाकीजवळ राखण करत बसायची गरज नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांची जिना चढण्यातून सुटका झाली म्हणून मी अगदी खूश होते.

आज सकाळी नळ येऊन गेल्यावर शेजारच्या जुबेदाखाला दारात आल्या. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाल्या, "तुही सासू गच्चीवर येऊनच नाही राह्यली. माह्यावर रागावली का वं?"

आमच्या गच्च्या लागून आहेत. टाकी भरेपर्यंत दोघी कठड्याच्या दोन बाजूंना बसून बोलायच्या, हे मला माहीत होतं. पण नव्या सोयीमुळे ते बंद पडलंय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आतून सासूबाई म्हणाल्या, "रागावू कायले? मोटर आता आपोआप बंद होते. बिनकामाची वर जाऊन बसू का? लोकं म्हणतीन, म्हातारीले काही कामधंदा नाही."

"अन् मी काय कामानं येत होती?" खाला उखडल्याच. "माही टाकी तं खाली आंगणात आहे!"

सासूबाई उठून दारात आल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "चाल मंग. तू तुह्या जिन्यानं चढ, मी येतो."

मघापासून वरून हसण्याचे आवाज येताहेत. मी खाली बसून हे लिहिते आहे आणि विचार करते आहे, नुसतं मैत्रिणीशेजारी बसायलाही आपल्याला कामाचं निमित्त का लागतं? तुम्हाला लागतं का?