पिवळे बूट

शेळगावच्या दगडाबाईंचा माणसाच्या तोंडावर विश्वास नाही. तोंड काय, कुणीही धुऊन येतं. त्या उंबऱ्याबाहेर काढलेली पायताणं बघतात. लहानपणी मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत गेलेली बाई. पायताण कुठं झिजलंय यावरून माणूस ओळखायची सवय तेव्हाची. मेंढरं गेली, ऊस आला, सवय राहिली. घराण्यात सोयरीक जमायची असली की पाहुणे आत पोहे खातात आणि दगडाबाई बाहेर चपला तपासतात. आजवर दोन अंदाज साफ चुकलेत, त्यातला एक त्यांचा स्वतःचा नवरा. पण हे कुणी बोलून दाखवत नाही.

यंदा पाळी होती प्रतिक्षाची, म्हणजे भाच्याच्या, बिरदेवच्या मुलीची. पोरगी पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे कालव्याच्या भरावावर पळते. लग्नाला तिची एकच अट: पळणं थांबणार नाही. आलेल्या फोटोंमधून तिने पिंपळीच्या ऋतिकवर बोट ठेवलं.

"ह्योच का गं?" दगडाबाईंनी विचारलं.

"बूट बघा आजी त्याचं. पळून पळून पिवळं पडल्यात. जो सोता पळतो, तो बायकूला पळू दील."

निवडीची ही रीत पोरीने कुणाकडून उचलली हे काय सांगायला हवं? दगडाबाई मनातून फुगल्या.

रविवारी ऋतिक आला, सोबत वडील आबाजी. बूट दाराशी निघाले, मंडळी आत गेली आणि दगडाबाई खाली बसल्या. बूट अगदीच दीनवाणे होते. कापड विटलेलं, तळाची कड म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळी. आणि म्हणे पोरगा बारामतीच्या एमआयडीसीत कायम नोकरीला! बिरदेवने हे पाहिलं तर पोराला चहावरच वाटेला लावील, अन् पोरीचं तर मन बसलेलं. दगडाबाईंनी बूट उचलले, मागच्या मोरीवर नेले, कपड्यांची पावडर आणि तारेची घासणी घेतली आणि चरवी घासावी तसे घासले. सगळा पिवळेपणा पाण्याबरोबर गटारात गेला.

मंडळी निरोप घेऊन बाहेर आली तेव्हा पायरीवर पांढरेफटक बूट निथळत होते.

"माझं बूट कुठं हायत?" ऋतिकने विचारलं.

"हे काय, उजळून दिलं. लाजू नगंस बाबा. परिस्थिती काय कायम तशीच राहत न्हाय."

ऋतिकचा चेहरा उतरला. "आजी, ते मुद्दाम पिवळं हुतं. चाळीस वर्षांमागचं पळायचं मॉडेल कंपनीनं परत काढलंय. डब्यातनंच तसं येतं."

"नवं बूट पिवळं? आन तू घेतलंस?"

"घेतलं की!" आबाजी कडाडले. "दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या तेवढ्यात!"

शेळ्यांचा भाव ऐकताच बिरदेवची नजर बदलली. एवढा ऐवज जो पायात घालतो, त्याच्या घरात पोरीला काय कमी पडणार? तो आबाजींना पुन्हा बसायचा आग्रह करायला लागला. दगडाबाईंच्या डोक्यात मात्र काही शिरेना. झिजलेपणही दुकानात आयतं मिळतं, आणि लोक ते हौसेनं घेतात! मग कोकणाच्या वाटेनं त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगांना काय भाव येईल?

प्रतिक्षा पुढे झाली. तिने एक बूट उलटा केला. तळाची नक्षी अख्खी होती. एक खडासुद्धा अडकलेला नव्हता.

"ह्यात पळलाय कधी?"

"न्हाय. पळलं की चुण्या पडत्यात."

"मग कशात पळता?"

ऋतिकने बापाकडं बघितलं. बाप बुटांकडं बघत होता.

"पळतच न्हाय मी," तो म्हणाला.

"पोरगा पळतो का बसतो, त्याचं काय एवढं?" बिरदेव घाईघाईने मध्ये पडला. "आत्ती, तुमी सांगा. तुमचा शबूद शेवटचा."

सगळे दगडाबाईंकडे वळले. हातात अजून घासणी होती. "मला आता काय बी कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "जिला नांदायचंय तिला इचार."

"उद्या पहाटं कालव्यावर या," प्रतिक्षा ऋतिकला म्हणाली. "ह्याच बुटात."

"वलं हायत की!"

"मग? मी पावसात बी पळते."

आला बिचारा. दगडाबाई शाल गुंडाळून कालव्याच्या पहिल्या पुलाच्या कठड्यावर हजर होत्या. पोरगं तिथपर्यंत कसंबसं पळालं आणि मटकन खाली बसलं. प्रतिक्षा पुढे निघून गेली, आपलं पुरं करून परतली, तरी ते तिथंच. बूट चिखलानं बरबटलेले, चांगल्या ठसठशीत चुण्या पडलेल्या. त्याचं तिकडं लक्षही नव्हतं; श्वास कुठून आणावा हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

"उद्या?" तिने विचारलं.

"येतो. पर फुडच्या पुलाचं नाव काढू नका."

प्रतिक्षा हसली, पण हो म्हणाली नाही.

घरी बिरदेव दारातच उभा. "आत्ती, आबाजीचा दोनदा फोन आला. काय सांगू? जमलं का मोडलं?"

"सांग, पोरगं पहिल्या पुलावर बसलंय," दगडाबाई आत जाता जाता म्हणाल्या. "उठलं की कळवतो."