हळू सायकलीत पहिली आलेली बाय

बायला कोणाच्याही पुढे जायला आवडत नसे. जेवणाच्या रांगेत ती शेवटची, बसमध्ये चढताना शेवटची. दारात दोन माणसं एकदम आली की ती भिंतीला चिकटून उभी राही आणि म्हणे, "तू हो फुडें, माका घाई ना." हीच बाय सायकलच्या स्प्रिंटमध्ये सलग पाच वर्षं देशात पहिली होती, हे सांगितलं की इथल्या शिबिरातल्या नव्या पोरांना मी थट्टा करतोय असं वाटतं.

तिला या वाटेला मी लावलं, तेही चुकून. मी मूळचा इब्रामपूरचा, आठवीत शाळा सोडलेला. बायच्या गावी, लाटंबार्श्याच्या तिठ्यावर पंक्चर काढायचो. अक्षर मात्र बरं, म्हणून गावच्या मंडळाची प्रमाणपत्रं माझ्याकडे लिहायला येत. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाला देवळासमोर हळू सायकलची स्पर्धा झाली. पाय टेकला की बाद, आणि जो सगळ्यांत शेवटी पोचेल तो पहिला. बाय इतकी हळू आली की पंच मधल्या मधे चहा पिऊन आले. छापील प्रमाणपत्रावर स्पर्धेच्या नावाला जागा होती बोटभर. त्यात 'हळू' मावेना. 'सायकल स्पर्धा, प्रथम क्रमांक' असं लिहून मी मोकळा झालो.

मंडळातल्या कोणीतरी ते प्रमाणपत्र उत्तरेतल्या ह्याच सायकल शिबिराच्या अर्जाला जोडलं आणि निवड चाचणीचं बोलावणं आलं. पत्रात 'स्प्रिंट' असा शब्द होता. शाळेतल्या मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, जीव खाऊन पळवायची ती. बायचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद, म्हणून घरीच होते. त्यांनी ठरवून टाकलं, ज्याने लिहिलं त्यानेच घेऊन जावं. निवड झाली तर राहा, नाही तर पुढच्या गाडीने परत, कारण मामाने पेडण्यातलं एक स्थळ धरून ठेवलं होतं. बायला ते स्थळ नको होतं. मुलाबद्दल तिची तक्रार एवढीच, की तो फार भरभर बोलतो. पण तेवढी तिला आयुष्यभराला पुरेशी वाटत होती.

दोन दिवसांच्या प्रवासात माझ्या घशाखाली घास उतरला नाही. बायने माझ्याही वाटणीच्या भाकऱ्या संपवल्या.

तिथला ट्रॅक वाटोळा, वळणावर भिंतीसारखा चढलेला. त्यावरच्या सायकलीला ब्रेकच नाही, हे पाहून मी खालीच बसलो. एकेकीला एकटीने पळवून वेळ घेतली, त्यात बाय सगळ्यांच्या मागे. काय झालं म्हणून विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "फुडें कोणच नासलो, दादा. गांठू कोणाक?"

आता हे लोक परत पाठवणार, शिवाय खोट्या प्रमाणपत्राबद्दल मला धरणार, असं वाटून मी स्वतःच शिबिराच्या प्रशिक्षक सरांपुढे जाऊन हात जोडले. "सर, गलती मेरा है. वो रेस हळू का था."

"हळू?"

"धीरे का. जो आखिर में आता है, वो पहला."

सरांनी तोंडातली शिट्टी काढली. माझ्याकडे पाहिलं, बायकडे पाहिलं. म्हणाले, "कितना धीरे?"

मला नंतर कळलं ते असं. स्प्रिंटला दोघीच असतात. पहिले फेरे कोणाला पुढे जायचंच नसतं. पुढची वारा अंगावर घेते आणि तिला मागचं नीट दिसत नाही. मागची तिच्या आडोशाने येते आणि शेवटच्या दोनशे मीटरला झेप घेते. म्हणून दोघी ट्रॅकवर अक्षरशः उभ्या राहतात, पाय न टेकता. म्हणजे आमच्या देवळासमोरचाच खेळ, फक्त शेवट उलटा.

सरांनी बायला शिबिरातल्या सगळ्यांत वेगवान मुलीबरोबर सोडलं. अर्ध्या फेऱ्यात बाय थांबली. दोन्ही पाय पेडलवर, पुढचं चाक जरा तिरकं, तळ्यात बसलेल्या म्हशीसारखी निवांत. ती मुलगीही थांबली, डुलली, सावरली, सरांकडे पाहिलं, मग तिच्या भाषेत काहीतरी बोलून पुढे निघाली. ते काय होतं ते मी लिहीत नाही. आता बायला गाठायला माणूस मिळालं होतं. तरी अर्ध्या चाकाने बाय हरली. मी पिशवी बांधायला घेतली.

सर येऊन म्हणाले, "ये रुकेगी."

मला वाटलं, थांबते ते आम्हीही पाहिलं, त्यात नवीन काय? मग सर म्हणाले, "तू भी. इसकी बात समझाने को कोई चाहिए." तेव्हा कुठे अर्थ लागला. त्या दिवसापासून मी इथला मेकॅनिक आहे. आठवी सोडलेल्या माणसाला कोण असं ठेवून घेतं?

पुढे प्रतिस्पर्धी मुली तिला कंटाळून गेल्या. एकीने सुरुवातीच्या रेषेवरच विचारलं, "आज चलोगी ना?" बाय आदबीने म्हणाली, "आप चलो, मैं आती हूँ." आणि आली.

बाय दुसऱ्यांदा देशात पहिली आली तेव्हा गावात सत्कार झाला. तिला पहिलं भाषण करायला सांगितलं. तिने सरपंचांना पुढे केलं, सरपंचांनी आणखी कोणाला, असं करत व्यासपीठावरचे सगळे बोलून दमले. शेवटी माईक तिच्याकडे आला. "सगळ्यांनी सांगून झाला. आतां भूक लागली," म्हणाली आणि खाली बसली. एवढ्या टाळ्या दिवसभरात दुसऱ्या कोणाला पडल्या नाहीत.

पाचव्या वर्षानंतर गुडघा दुखू लागला. तिच्या शेवटच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत समोर आमच्याच शिबिरातली सतरा वर्षांची पोर होती. दोघी थांबल्या. पोर हलेना. बायचा गुडघा थरथरताना मला ट्रॅकच्या कडेवरून दिसत होता. आणि बाय पुढे निघाली. पुढे निघालेली बाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पोरीने तिला शेवटच्या वळणावर गाठलं.

माझे डोळे भरले होते. बाय हसत आली, माझा खांदा धरून थांबली. मी म्हटलं, आता मीही सामान बांधतो, तुझ्याशिवाय मला इथे कोण ठेवणार? ती त्या पोरीकडे बोट करून म्हणाली, "तू हंयच राव, दादा. ह्या चेडवाची सायकल कोण बघतलो?" आणि सरांकडे जाऊन तिने तेच तिच्या हिंदीत सांगितलं. सरांनी लगेच मान डोलावली.

ती कायमची गावी निघाली, तेव्हा मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. डब्याच्या दारात तिने एका म्हाताऱ्याला वाट दिली, मग ट्रंकवाल्या कुटुंबाला, मग आणखी दोघांना, आणि गाडी सुटली. मी ओरडलो. बायने जाणाऱ्या गाडीकडे एकदा नीट पाहिलं आणि तो गुडघा घेऊन धावली. शेवटच्या डब्याची दांडी तिने फलाट संपता संपता धरली. तिची बॅग माझ्या हातातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. बॅगेत लाडू आहेत, ते त्या पोरीला दे, तू दोन खा.

लाडू संपले. बॅग मी अजून नेऊन दिलेली नाही. ती द्यायला लाटंबार्श्याला गेलो, की तिथेच राहावंसं वाटेल अशी भीती वाटते. आणि उद्या सकाळी पोरीची चाचणी आहे.