मामीची माशी

मामाचा चेहरा बघून कुणालाही वाटलं असतं, घरात चोरी झालीय. झालं होतं एवढंच, की मामीला माशीची नवी प्रजाती सापडली होती.

दोघं कीटकांच्या प्रयोगशाळेत कामाला, एकाच टेबलाच्या दोन टोकांना. मामा जाळं घेऊन रानोमाळ माश्यांमागे पळतो. मामी कुठे जात नाही. कोबी कुरतडणाऱ्या अळ्या डब्यांत पाळते आणि वाट बघते. काही माश्या अळीच्या अंगावर अंडं घालतात. पिल्लू आत शिरून तिला खातं, बाहेर पडून कोष करतं आणि डब्यात पतंगाऐवजी माशी निघते. ही तशीच निघालेली.

"बसल्या जागी मिळालं. नशीब असतं एकेकाचं," मामानं माझ्या आईला फोनवर सांगितलं. 'एकेकाचं' असं ताणलं, की च्युइंगम लाजावं.

"अरे, बायकोच ना ती तुझी?"

"म्हणूनच तर."

सुट्टीत मी त्यांच्याकडे होते, प्रयोगशाळेतही सोबत जायचे, त्यामुळे पुढचं समोरच घडलं. मामीचा माशीवरचा लेख त्या दिवशी छापायला जायचा होता. या माशीच्या सगळ्या बहिणींच्या, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या, पाठीवर मागच्या बाजूला राठ केस असतात. हिच्या नाहीत, म्हणून ही नवी. मामी हात धुवायला गेली आणि मामानं मायक्रोस्कोपला डोळा लावला. ती परत आली तेव्हा त्याच्या आवाजात पाकच पाक.

"अगं, केस झडलेत गं. हा बघ, खळगा राहिलाय. जुनीच आहे ही. होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस."

मामीचा चेहरा उतरला. तिनं वाकून बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "अहो, टाचणी कुठल्या बाजूला टोचतो आपण?"

नव्या पोरांना हे मामाच घोकून घ्यायला लावतो: माशी जपून ठेवताना टाचणी पाठीत उजवीकडे टोचायची, म्हणजे डावी बाजू शाबूत राहते, केस मोजायचे ते तिथे.

"उजवीकडे," मामा पुटपुटला.

"मग तुमचा खळगा टाचणीनं पडलाय. डावीकडे बघा."

डावीकडे केस नव्हते, खळगेही नव्हते. पाठ चकचकीत. मामा डोळा लावून बसला तो उठेचना. शेवटी दाढ उपटताना निघावा तसा आवाज काढून म्हणाला, नवीच आहे.

लेखाला पाठीचं चित्र हवं होतं, आणि तिथे चित्र मामाइतकं कुणाचं येत नाही. त्यानं न सांगताच कागद ओढला.

"चित्राखाली माझं नाव टाकशील?"

"टाकीन की."

"केवढ्या अक्षरात?"

"वाचता येईल एवढ्या."

मामानं पेन्सिलीला टोक केलं.

"आणि तुझं?"