टेबलावर बसू नये

भागोजी एसटीत कंडक्टर होता तोवर कोणालाही काहीही सांगू शकत असे. मुरुड-बोरिवली गाडीत समोरच्या सीटवर पाय पसरून झोपलेल्या एका फौजदाराला त्यानं साळावच्या पुलावर उठवून पाय खाली घ्यायला लावले होते, आणि फौजदारानं ते घेतले होते. एका नवरदेवाला मुंडावळ्यांसकट मागं सरकवलं होतं. मग तो निवृत्त झाला. डेपोनं खाकी, बिल्ला आणि तिकिटांचं मशीन जमा करून घेतलं. त्याबरोबर आवाजही जमा झाला, हे भागोजीच्या जरा उशिरा लक्षात आलं. त्याची पोच मात्र कोणी दिली नाही.

आता भाजीवाल्यानं पिशवीत किडकं वांगं टाकलं तरी तो तिथं गप्प राही आणि घरी येऊन बायकोला सांगे. चंदाबाई म्हणे, "मला काय सांगताव? त्याला सांगायचं व्हतं."

"गर्दी होती."

"गर्दीतच तर जन्म गेला तुमचा."

दुपारी तो येसाजीच्या खोपीत जाई. येसाजीची नारळी-पोफळीची वाडी, वाडीत पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या, आणि मागं पूर्वी सुपारी साठवायची ती लांबट खोप. मुंबईत कुठलासा क्लब बंद पडला तेव्हा येसाजीनं तिथलं पूलचं, म्हणजे काठीनं बॉल खिशात ढकलायच्या खेळाचं, टेबल उचलून या खोपीत आणून बसवलं. खोल्या शनिवार-रविवारच भरत. बाकीच्या दिवशी टेबल रिकामं पडून राहण्यापेक्षा गावातल्या चार जणांनी खेळावं आणि बदल्यात त्याची निगा राखावी, असं ठरलं होतं. चार जणांपैकी निगा भागोजी राखी आणि बाकीचे खेळत. भिंतीवर पाटी होती, "टेबलावर बसू नये." ती येसाजीनं स्वतः रंगवली होती आणि त्यानंतर या विषयात लक्ष घातलं नव्हतं.

मुरुडात बसायच्या जागांना तोटा नाही, पण प्रत्येक कट्टा कोणाचा ना कोणाचा आहे. देवळाच्या पारावर एक मंडळी, बंदरात होड्यांच्या सावलीला दुसरी, मशिदीसमोरच्या बाकावर तिसरी, आणि विहाराच्या ओट्यावर भागोजीच्या वाडीतली. कोणी कोणाला मज्जाव करत नाही. फक्त दुसऱ्याच्या कट्ट्यावर गेलं की "आज इकडं कुठं?" असं हसून विचारतात, आणि ते एकदा विचारलं की माणूस पुन्हा जात नाही. येसाजीच्या टेबलाशी असं कोणी विचारत नसे. हा खेळ कोणाच्याच बापजाद्यांनी खेळलेला नव्हता. नामा कोळी आणि भागोजी लहानपणी शाळेत एका बाकावर बसत. पुढे सगळा जन्म ते तिकिटापुरते भेटले. आता रोज दुपारी दोघं एका टेबलाभोवती फिरत, एकमेकांच्या नेमबाजीची यथेच्छ टिंगल करत आणि पिवळ्या बल्बखाली शेवटच्या काळ्या बॉलवरून भांडत. टेबल गेलं तर ही जागाही जाणार, हे दोघांना पक्कं माहीत होतं. बोलून कोणी दाखवलं नव्हतं.

आणि टेबल जायची भीती होतीच. येसाजी अधूनमधून खोपीच्या दारात उभा राहून म्हणे, "कापड फाटलं की काढणार मी हे. इथं दोन एसी खोल्या होतील." थोड्या वेळानं त्याला दुसरी गोष्ट आठवे. "आणि गिऱ्हाइकाला कोणी काही बोललं, त्यानं मोबाइलवर वाईट लिहिलं, तरीपण काढणार."

म्हणजे बोललं तरी टेबल जाणार आणि नाही बोललं तरी जाणार. शनिवारी दुपारी भागोजी भिंतीकडच्या बाकावर याच कोड्यात बसून असे. पर्यटक खेळत. पुण्याच्या एका कुटुंबानं आपला मुलगा सँडलसकट टेबलावर उभा केला आणि सगळ्या कोनांतून त्याचे फोटो काढले. भागोजीनं भिंतीवरच्या पाटीकडं बघितलं. एका वऱ्हाडानं कापडावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर भजी मांडली. भागोजीनं ती पाटी पुन्हा वाचली. कोणी ओले टॉवेल वाळत घातले, कोणी कडेवर सिगारेट टेकवून विसरून गेला. एकदा दोन तरुण खेळायची लांब काठी, म्हणजे क्यू, घेऊन बाहेर गेले ते आंब्याखाली. त्यांनी क्यूनं कैऱ्या पाडल्या आणि क्यू चिकासकट परत आणून ठेवला, शिवाय भागोजीला एक कैरी दिली. त्यानं ती घेतली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

सोमवारी तो सगळं निस्तरी. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर चोळून ठेवी, चीक घासून काढी, जळक्या लाकडावर मेण बसवी. दाढी करताना आरशासमोर वाक्यं जुळवी. "साहेब, जरा..." हे फार मऊ वाटे. "ओ मिस्टर!" हे भांडणाचं. "तुमच्या घरी असं करता का?" यावर समोरचा "हो" म्हणाला तर पुढं काय, ते सुचत नसे.

"कोणाशी बोलताव?" चंदाबाई आतून विचारी.

"कोणाशी न्हाय."

"मग जरा मोठ्यानं बोला. त्याला ऐकू जाईल."

फेब्रुवारीतली गोष्ट. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी, खोल्या रिकाम्या असताना भागोजी खोपीशी आला तर दार उघडं होतं आणि आत दोन अनोळखी माणसं होती. एक टोपीवाला टेबलाखाली गुडघे टेकून वर मुठीनं ठोकत होता. दुसरा, गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेला, कोपऱ्यातलं कापड नखानं उचकटून बघत होता. मग त्यानं दोन्ही हातांनी टेबल गदागदा हलवलं. एवढ्यावर न थांबता तो वळला, टेबलाच्या कडेवर चढून बसला आणि बसल्या बसल्या उड्या मारायला लागला.

भागोजी उंबऱ्यावरच थांबला. नामा अजून आला नव्हता. येसाजीची मोटारसायकल दिसत नव्हती. बोलावं तर ही माणसं मोबाइलवर लिहिणार. न बोलावं तर कापड कोपऱ्यापासून फाटत जाणार, ते त्याला दिसतच होतं. परत फिरावं आणि अर्ध्या तासानं यावं, हा विचार त्याच्या मनात आला. तो बराच शहाणपणाचा होता, आणि भागोजीचा डावा पाय त्याप्रमाणे मागं सरकलाही.  आरशासमोरची सगळी वाक्यं एकदम घशाशी आली आणि दारात अडकलेल्या प्रवाशांसारखी एकही बाहेर पडेना.

चड्डीवाल्यानं आणखी एक उडी मारली. टेबलाचा पाय कुरकुरला.

"उतरा खाली!"

आवाज कोणाचा ते भागोजीला क्षणभर कळलं नाही. चड्डीवाला मात्र उतरला, आणि टेबलाखालचा टोपीवालाही डोकं आपटून बाहेर आला.

"सॉरी काका," चड्डीवाला म्हणाला. "तुम्ही येसाजीशेठचे मॅनेजर?"

"न्हाय. मी इथं खेळतो."

"मग बरंच झालं! मी ऋत्विक. काशीदला आमचं व्हिलाचं काम चाललंय. शेठ म्हणाले, इथं एसी खोल्या करायच्यात, टेबल विकायचंय, जाऊन बघून घ्या. पाय मजबूत आहेत का, कापडाखालचा दगड तडकलाय का, तेवढं चेक करत होतो." त्यानं कापडावरून हात फिरवला. "दिसतंय तर टकाटक. तुम्ही रोजचे, तुम्हीच सांगा. खरं सांगा हां काका. कसं आहे टेबल?"

अख्ख्या किनाऱ्यावर असं टेबल नाही, हे उत्तर भागोजीच्या ओठांवर आलंच होतं. इतकी वर्षं हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून तो थांबला होता. त्यानं ते उत्तर गिळलं. 

"दिसतं तसं न्हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इथं एक पोरगा सँडल घालून नाचलाय. या इथं. आईबाप फोटो काढत होते."

ऋत्विकनं त्या जागेकडं बघितलं.

"आणि इथं वऱ्हाड जेवलं. भजी. तेल थेट आत उतरलं." भागोजी एक पाऊल पुढं आला. "ही कड जळलेली आहे, मेणाखाली बघा. या कडेवर ओले टॉवेल वाळत घालतात, समुद्राचे. खारं पाणी आहे, लाकूड कुठवर सोसंल? हा क्यू घ्या हातात. याच्यानं कैऱ्या पाडल्यात!"

"कैऱ्या?"

"कैऱ्या! माझ्यासमोर!"

त्याचा आवाज चढत गेला. शनिवारचे सगळे पर्यटक, ज्यांना त्यानं एक शब्द ऐकवला नव्हता, त्या सगळ्यांच्या वाटचं तो या दोघांना ऐकवत होता. यातलं काहीही खोटं नव्हतं. दर सोमवारी कोणीतरी ते सगळं निस्तरलं होतं, एवढं फक्त सांगायचं राहिलं.

"आणि वर तुम्ही!" शेवटी त्यानं बोट उगारलं. "शिकलेली माणसं. भिंतीवर पाटी आहे. तरी वर बसून उड्या मारता? ही बसायची जागा आहे?"

"नाही काका," ऋत्विक म्हणाला.

टोपीवाला हळूच म्हणाला, "छोड ना यार. अंदर से पूरा गया हुआ है." दोघं बाहेर पडले. गाडीत बसताना ऋत्विकनं आपल्या चपला झटकल्या आणि पाय उचलून अदबीनं आत घेतले.

नामा आला तेव्हा भागोजी बाकावर बसून क्यू पुसत होता. सगळं ऐकून नामा इतका हसला की त्याला क्यूचा आधार घ्यावा लागला.

"म्हणजे बघ भागोज्या, तू एकेकाला येळच्या येळी झापला असतास, तर टेबल धड राह्यला असता. अन् धड राह्यला असता, तर आज टेबल काशीदला गेला असता! भित्रेपणा कामाला आला रं तुझा."

"हसू नको. येसाजी येईल."

येसाजी संध्याकाळी आलाच. मोबाइल हातात, चेहरा विचारात. "तो ऋत्विक फोनवर म्हणतो, टेबल आतून खलास आहे. म्हणतो, तुमच्या इथल्या काकांनी सगळं सांगितलं, फार प्रामाणिक माणूस आहे." त्यानं भागोजीकडं बघितलं. "खरंच वऱ्हाड जेवलं यावर?"

"व्हय."

"पोरगा नाचला?"

"व्हय."

"तू होतास तेव्हा?"

"होतो की."

"मग तेव्हा का नाही बोललास रे?"

नामा क्यूच्या टोकाला खडू घासू लागला. तुझीच अट होती, हे उत्तर भागोजीजवळ होतं आणि ते खरंही होतं. पण त्यानं कैरी घेतली होती, हेही खरं होतं. तो जळक्या कडेवरचं मेण अंगठ्यानं दाबत राहिला. येसाजीनं टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "ठीक आहे. आता ह्या मोडक्याला कोण घेतंय? पावसाळ्यापर्यंत राहू दे. रोह्याचा एक जण विचारत होता, मे महिन्यात येतो म्हणालाय बघायला."

तो गेल्यावर दोघं खेळले. भागोजीचा एकही बॉल खिशात गेला नाही.

शनिवारी खोल्या भरल्या. भागोजी आणि नामा भिंतीकडच्या बाकावर बसले होते. एका पर्यटकानं नेम धरण्यापूर्वी हातातला गार सरबताचा पेला टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवला. पेल्याला घाम आला होता. थेंब हळूहळू खाली उतरत होते आणि लाकडावर ओलं कडं उमटत होतं.

नामानं कोपर मारलं. "बोल की. आता तर आवाज आलाय तुझा."

भागोजीनं पेल्याकडं बघितलं. बोलावं तर टेबल चांगलं राहणार. चांगलं राहिलं की मे महिन्यात रोह्याला जाणार.

"असू दे," तो म्हणाला. "ठेवू दे त्याला."

ओलं कडं रुंद होत गेलं. मग तो उठला. पर्यटक नेम धरण्यात गुंग होता. भागोजीनं पेला उचलला, खालचं पाणी रुमालानं टिपून काढलं, लाकूड कोरडं होईपर्यंत पुसलं, आणि पेला होता तिथंच परत ठेवला.